वेताळाच्या रात्री: जिओकॅशिंगसाठी पहिलं तर्ककोडं कसं रचावं

जिओकॅशिंग म्हणजे जीपीएसच्या मदतीने खेळायची लपाछपी. कुणीतरी एक डबी लपवतं आणि तिचे अक्षांश-रेखांश जाहीर करतं. बाकीचे ती शोधतात, आतल्या लॉगबुकात सही करतात आणि डबी होती तिथे, होती तशी परत ठेवतात. १ मे २००० च्या मध्यरात्री अमेरिकन सरकारने नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम घातलेली चूक काढून टाकली, आणि लगेच ३ मे रोजी डेव्ह उल्मर यांनी ओरेगनमध्ये पहिली बादली लपवली. तेव्हापासून या खेळाचे कितीतरी प्रकार निघाले. लपवलेल्या डबीला या खेळात ‘कॅश’ म्हणतात, आणि मला त्यातला सगळ्यात जवळचा वाटतो तो मिस्ट्री कॅश. यात जाहीर केलेल्या ठिकाणी सहसा डबी नसते. आधी कोडं सोडवायचं, त्यातून खरे कोऑर्डिनेट्स, म्हणजे अक्षांश-रेखांश, काढायचे आणि मगच घराबाहेर पडायचं.

असं कोडं रचायला बसलं की बहुतेकांना आपलं एखादं आवडतं अद्भुत पात्र आठवतं. जादूगार, राक्षस, बोलणारा पोपट, काहीही. मग होतं असं, की कोडं एकीकडे राहतं आणि पात्र दुसरीकडे. चार अवघड गणितं, वर जादूगाराचं चित्र. सोडवणारा चित्राकडे बघतही नाही. म्हणून या लेखात एकाच गोष्टीवर भर आहे: पात्राचा स्वभाव हाच कोड्याचा नियम झाला पाहिजे. पात्र बदललं तर कोडं मोडलं पाहिजे.

उदाहरणाला मी वेताळ घेतोय. विक्रमाच्या खांद्यावर बसून गोष्ट सांगणारा, शेवटी प्रश्न विचारणारा. उत्तर माहीत असून गप्प राहिलास तर डोक्याची शंभर शकलं होतील, आणि बोललास तर मी चाललो परत झाडावर! कोडं रचणाऱ्याला याहून चांगलं पात्र मिळायचं नाही. शिवाय तो लोककथेतला, सगळ्यांचा आहे. तुमचं आवडतं पात्र अलीकडच्या पुस्तकातलं किंवा सिनेमातलं असेल, तर त्याची चित्रं आणि मजकूर उचलून कॅशच्या वेबसाइटवरल्या पानावर लावू नका, ते कुणाच्या तरी मालकीचे असतात. पात्राचा एखादा गुण घ्या आणि गोष्ट स्वतः लिहा.

आधी जागा, मग कोडं

नवखे लोक आधी कोडं रचतात आणि मग त्याच्या उत्तराला जुळेल अशी जागा शोधत फिरतात. अशी जागा मिळत नाही. उत्तराचे आकडे जागाच ठरवते, म्हणून सुरुवात जागेपासून करा.

जागेच्या मालकाची किंवा व्यवस्थापनाची परवानगी लागते. डबी जमिनीत पुरायची नाही, झाडाला खिळा ठोकायचा नाही. दुसऱ्या कुठल्याही कॅशची डबी किमान १६१ मीटर दूर हवी. यातली मेख अशी की दुसऱ्याच्या मिस्ट्री कॅशची खरी जागा नकाशावर दिसत नाही. त्यामुळे कोडं रचण्याआधीच रिव्ह्यूअरला, म्हणजे कॅश तपासणाऱ्या स्वयंसेवकाला, ही जागा मोकळी आहे का ते विचारून घ्या. सगळं कोडं तयार झाल्यावर जागा नाकारली गेली तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

मग जागेवर उभं राहून कोऑर्डिनेट्स घ्या. एकदाच घेऊ नका. वेगवेगळ्या वेळी जाऊन काही नोंदी घ्या आणि सरासरी काढा. या खेळात अंश आणि दशांश मिनिटं लिहायची पद्धत आहे, उदाहरणार्थ ××° ××.३५९. शेवटचा आकडा एकाने बदलला तर अक्षांशाच्या दिशेने जागा सुमारे १.८५ मीटर सरकते. मधला बदलला तर साडेअठरा मीटर, दशांश चिन्हानंतरचा पहिला बदलला तर १८५ मीटर. रेखांशाच्या दिशेने हे अंतर विषुववृत्तापासून दूर जावं तसं कमी होतं, ६० अंशांवर ते निम्मं उरतं. कोड्यातला कुठला आकडा चुकला तर माणूस किती भरकटेल, हे तुम्हाला तोंडपाठ हवं.

वेताळाचा नियम कोड्यात कसा उतरवायचा

पात्राबद्दल तीन-चार वाक्यं कागदावर लिहा, पण दिसण्याबद्दल नको, वागण्याबद्दल लिहा. लांब केस, लाल डोळे याचा इथे काही उपयोग नाही. वेताळाबद्दल लिहायचं तर: तो दर रात्री एक गोष्ट सांगतो. राजा थोडं अंतर चालतो. राजा बोलला की वेताळ निसटतो आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून.

आता हेच आकड्यांच्या नजरेतून वाचा. प्रत्येक रात्रीला एक गोष्ट आणि एक अंतर आहे. राजा मौन मोडण्याआधी किती शे पावलं चालला, तो त्या रात्रीचा आकडा! रात्रींच्या क्रमाने आकडे मांडले की कोऑर्डिनेट्स मिळाले. इथे वेताळाला काढून जादूगार बसवता येत नाही, कारण चालणं, बोलणं आणि परत जाणं हीच कोड्याची यंत्रणा आहे.

छोटं उदाहरण करून बघू. समजा खऱ्या जागेच्या अक्षांशाचा दशांश भाग .३५९ आहे आणि रेखांशाचा .७२४. पहिले आकडे, ३ आणि ७, आपण पानावर देऊन टाकू. लपवायचे आहेत ५, ९, २, ४. म्हणजे चार रात्री, आणि चार गोष्टी: चोराची, राजकन्येची, शिल्पकाराची, सेनापतीची. पानावर एवढं सांगायचं की राजा वेगवेगळ्या रात्री २००, ४००, ५०० आणि ९०० पावलं चालून बोलला. मग सूत्रं, म्हणजे उत्तराकडे नेणारे धागे:

१. चोराच्या गोष्टीच्या रात्री राजा शिल्पकाराच्या गोष्टीच्या रात्रीपेक्षा बरोबर ४०० पावलं जास्त चालला.
२. राजकन्येची गोष्ट ऐकताना तो सेनापतीच्या गोष्टीपेक्षा जास्त अंतर गप्प राहिला.
३. शिल्पकाराची गोष्ट झाली आणि लगेच पुढच्याच रात्री वेताळाने चोराची सांगितली.
४. सेनापतीची गोष्ट राजकन्येच्या गोष्टीच्या आधी कधीतरी येऊन गेली.
५. पहिल्या दोन रात्रींची पावलं मिळून शेवटच्या दोन रात्रींपेक्षा जास्त भरतात.

सोडवणाऱ्याच्या खुर्चीत बसून

तुम्ही कोडं रचणारे नसाल, फक्त सोडवायला आला असाल, तरी हा भाग तुमच्यासाठीच आहे. तर्ककोडं डोक्यात सोडवायचं नसतं. कागदावर चौकटी आखा. एका बाजूला गोष्टी, दुसऱ्या बाजूला रात्री आणि पावलं. जे अशक्य ठरलं तिथे फुली, जे नक्की झालं तिथे बरोबरची खूण. एखाद्या चौकटीत खूण आली की तिच्या आडव्या आणि उभ्या ओळीत बाकी सगळीकडे फुल्या माराच. निम्मी अडलेली कोडी या फुल्या मारायच्या राहिल्यामुळे अडलेली असतात.

पहिलं सूत्र घ्या. २, ४, ५, ९ यांत चारचा फरक असलेली जोडी एकच, ५ आणि ९. म्हणजे शिल्पकार ५, चोर ९. उरले २ आणि ४. दुसऱ्या सूत्राने राजकन्येला ४ आणि सेनापतीला २ मिळाले. पावलं संपली, आता फक्त क्रम राहिला.

शिल्पकार आणि चोर एकमेकांना चिकटलेले आहेत, त्यामुळे ही जोडी पहिल्या-दुसऱ्या, दुसऱ्या-तिसऱ्या किंवा तिसऱ्या-चौथ्या रात्री बसते. सेनापती राजकन्येच्या आधी. म्हणजे तीनच शक्यता. जोडी सुरुवातीला असेल तर ५, ९, २, ४. मध्ये असेल तर २, ५, ९, ४. शेवटी असेल तर २, ४, ५, ९. पाचवं सूत्र लावा. पहिल्या शक्यतेत १४ विरुद्ध ६, चालतं. दुसरीत ७ विरुद्ध १३ आणि तिसरीत ६ विरुद्ध १४, दोन्ही बाद. उत्तर ५, ९, २, ४. म्हणजे .३५९ आणि .७२४.

इथे कुठेही अंदाज बांधावा लागला नाही, हे लक्षात घ्या. चांगल्या तर्ककोड्यात प्रत्येक पायरीला कारण असतं. सोडवताना ‘बहुधा हेच असेल’ असं म्हणावंसं वाटलं, तर एखादं सूत्र वाचायचं राहिलंय.

एकच उत्तर येतं का?

रचणाऱ्याची खरी मेहनत इथे आहे, आणि नवखे लोक नेमकी हीच पायरी गाळतात. स्वतःचं उत्तर सगळ्या सूत्रांत बसतं, एवढं बघून ते थांबतात. पण दुसरंही एखादं उत्तर बसत असेल तर कुणीतरी चुकीच्या जागी तासभर दगड उलटवत बसेल, आणि त्याची काहीच चूक नसेल.

तपासायची रीत सोपी आहे. एकेक सूत्र झाकून कोडं पुन्हा सोडवा. आपल्या उदाहरणात पाचवं सूत्र झाकलं तर तीन उत्तरं निघतात. दुसरं झाकलं तर दोन: ५, ९, २, ४ आणि ५, ९, ४, २. चौथं झाकलं तरी हीच दोन. तिसरं झाकलं तर सहा. म्हणजे प्रत्येक सूत्राला काम आहे. एखादं सूत्र झाकूनही उत्तर एकच राहिलं, तर ते सूत्र जादा आहे. नवख्यांसाठीच्या कोड्यात एखादं जादा सूत्र मी मुद्दाम ठेवेन, त्याने अडलेल्याला हात मिळतो. पण ते जाणून ठेवलेलं असावं.

सूत्रांच्या भाषेवरही नजर ठेवा. ‘चोराची गोष्ट शिल्पकाराच्या नंतर आली’ म्हणजे लगेच की कधीतरी? ‘दोन रात्रींनी’ म्हणजे मध्ये एक रात्र की दोन? बोलताना आपण हे चालवून घेतो, कोड्यात ते चालत नाही. म्हणूनच वर ‘लगेच पुढच्याच रात्री’ आणि ‘आधी कधीतरी’ असे शब्द घातले आहेत. वाक्य जरा लांबलं तरी चालेल.

आणखी एक काळजी. मूळ कथेत शेवटी अशी रात्र येते, की राजाला उत्तर सुचतच नाही आणि तो गप्प चालत राहतो. कोड्यात हे फार सुंदर वापरता येतं: शेवटच्या रात्री राजा बोललाच नाही, म्हणून त्या रात्रीची चाल सगळ्यात लांब. पण ज्याने ही कथा कधी ऐकलेलीच नाही त्याचं काय? कोडं सोडवायला लागणारी प्रत्येक गोष्ट पानावर सापडली पाहिजे. कथा माहीत असलेल्याला जास्त मजा यावी, माहीत नसलेल्यालाही उत्तर मिळावं. म्हणून ती ओळ गोष्टीच्या ओघात लिहून टाका.

चार रात्री पुरत नाहीत

वरचं उदाहरण शिकण्यापुरतं ठीक आहे, प्रत्यक्षात ते दुबळं आहे. चार वेगळे आकडे फक्त २४ प्रकारे मांडता येतात. कुणीही चोवीस बिंदू नकाशावर टाकेल, त्यातले घरात, तळ्यात आणि रस्त्यात पडणारे खोडेल आणि उरलेल्या दोन-चार जागी चक्कर मारेल. वेताळाची गाठ न घेताच डबी हातात! सहा रात्री घ्या, म्हणजे दशांशातले सहाही आकडे लपतात आणि मांडण्या ७२० होतात. मग कोडं सोडवणं हाच जवळचा रस्ता उरतो.

सहा आकड्यांचा आणखी एक फायदा आहे. मिस्ट्री कॅशची जाहीर जागा आणि खरी जागा यांत साधारण ३.२ किलोमीटरपेक्षा जास्त अंतर चालत नाही. जाहीर जागेची अंश आणि पूर्ण मिनिटं तीच ठेवली आणि फक्त दशांश लपवले, तर कर्णात मोजूनही अंतर सुमारे २.६ किलोमीटरच्या आत राहतं. नियम आपोआप पाळला जातो.

खऱ्या कोऑर्डिनेट्समध्ये एकच आकडा दोनदा आला, किंवा शून्य आलं, तर घाबरायचं कारण नाही. शेवटी एक छोटं गणित द्या, ‘पहिल्या रात्रीचा आकडा वजा तीन’ असं काही. पण असं गणित एकदोन ठिकाणीच असावं. सहाही ठिकाणी बेरीज-वजाबाकी आली की गोष्ट विरून जाते.

उत्तर ताडून बघायची सोय

माणसाला घरीच कळलं पाहिजे की आपलं उत्तर बरोबर आहे. जिओकॅशिंग डॉट कॉमवर मिस्ट्री कॅशसाठी उत्तर तपासायची सोय आहे. तुम्ही खरे कोऑर्डिनेट्स एकदा भरून ठेवायचे, सोडवणारा आपले टाकून बघतो. ती नक्की चालू करा.

बरेच जण याऐवजी ‘सगळ्या आकड्यांची बेरीज २०’ असं लिहितात. आपल्या कोड्यात तिचा काडीचा उपयोग नाही. आकडे सगळ्यांना माहीतच आहेत, फक्त क्रम लपलाय, आणि क्रम कसाही लावला तरी बेरीज वीसच येणार. बेरीज द्यायचीच असेल तर क्रमाला वजन द्या: पहिला आकडा एकपट, दुसरा दुप्पट, तिसरा तिप्पट, चौथा चौपट. ५ + १८ + ६ + १६ म्हणजे ४५. शेवटचे दोन आकडे उलटे लागले तर ४३ येतात आणि चूक लगेच पकडली जाते. फक्त हेही एक सूत्रच झालं याचं भान ठेवा, आणि एकच उत्तर येतं का ही तपासणी ते बाजूला ठेवून करा.

डबी आणि पान

वेताळ उलटा लटकतो, तेव्हा डबीही झाकण खाली करून फांदीला लटकवायचा मोह होणारच. जरूर लटकवा! झाडाला न काचणारी मऊ दोरी वापरा, जमिनीवर उभं राहून हात पोचेल एवढीच उंची ठेवा. एक छोटी गोष्ट मात्र विसरू नका: उलटी डबी उघडली की लॉगबुक थेट चिखलात पडतं. कागदाची गुंडाळी थोडी घट्ट बसेल अशी करा, किंवा ती झाकणालाच दोऱ्याने बांधा. १०० मिलीलिटरच्या आतली डबी असेल तर पानावर आकार ‘मायक्रो’ लिहायचा. आत पेन्सिल मावत नसेल तर तसं सांगा. डबीवर ‘जिओकॅश’ असं ठळक लिहा, म्हणजे सहज हाती लागलेल्या माणसाला ती संशयास्पद वस्तू वाटणार नाही. खाण्याचे पदार्थ किंवा धारदार वस्तू आत ठेवू नयेत.

वातावरणाच्या नादात स्मशानाजवळची जागा निवडू नका. तिथे लोक दुःखात आलेले असतात. रात्रीच यायची अटही नको, आपली रात्र गोष्टीत आहे तेवढी पुरे.

पानाच्या अगदी सुरुवातीला स्पष्ट लिहा की जाहीर जागेवर डबी नाही. त्यानंतर गोष्ट, मग सूत्रं, मग आकडे कुठे भरायचे ते. गोष्ट अर्ध्या पानाच्या वर नेऊ नका. सोडवणारा ती पुन्हापुन्हा वाचणार आहे, आणि सूत्रं गोष्टीत हरवली तर तो चिडेल. हिंट कोड्यासाठी नव्हे, जागेसाठी ठेवा. ‘डोकं खाली, पाय वर’ एवढी पुरते.

अवघडपणाचे दोन आकडे द्यावे लागतात, १ ते ५ पर्यंत अर्ध्या-अर्ध्याच्या टप्प्याने. डिफिकल्टी म्हणजे कोडं सोडवणं आणि डबी शोधणं किती कठीण, टेरेन म्हणजे तिथवर पोचणं किती कठीण. सहा रात्रींच्या कोड्याला मी ३ देईन. स्वतःचं कोडं रचणाऱ्याला नेहमी सोपं वाटतं, म्हणून हा आकडा ज्याने कोडं कोरं बघून सोडवलं त्याला विचारून ठरवा. असा एक माणूस प्रसिद्धीआधी हवाच. तो सोडवत असताना शेजारी बसा पण बोलू नका, कुठल्या सूत्रावर त्याचं पेन थांबतं ते बघा. ते सूत्र पुन्हा लिहायचं आहे.

रिव्ह्यूअरकडे पान पाठवताना सोबत खरे कोऑर्डिनेट्स, परवानगीचा तपशील आणि कोड्याची पूर्ण उकल पायरीपायरीने द्या. ‘उत्तर अमुक’ एवढ्याने भागत नाही. आणि आधी स्वतः निदान वीसेक कॅश शोधा असं या खेळात सुचवलं जातं, ते मनापासून ऐका. दुसऱ्यांच्या डब्या हाताळल्यावरच कळतं कुठली पावसात टिकते आणि कुठली नाही.

प्रसिद्ध झाल्यावर

पहिले काही दिवस लॉग, म्हणजे शोधणाऱ्यांनी पानावर लिहिलेल्या नोंदी, रोज वाचा. ‘सापडली नाही’ असे दोन-तीन लॉग ओळीने आले तर जाऊन बघून या. ओलं लॉगबुक बदला, दोरी तपासा. कुणी लॉगमध्ये उकल लिहिली असेल तर त्याला विनंती करून ती काढायला सांगा.

आणि लोक निरोप पाठवतील, अडलोय म्हणून. उत्तर देऊ नका, पण कोरडेपणाने परतही पाठवू नका. आतापर्यंत चौकटीत काय काय भरलं ते विचारा. बहुतेक वेळा एखादी चुकीची फुली निघते. ती कुठल्या सूत्राशी भांडतेय तेवढं दाखवा, पुढची पावलं त्यांना त्यांची चालू द्या.